‘गिव्ह मी युवर नोट्स’: कॉलेजच्या इंग्रजीत आंतरसांस्कृतिक संवाद ऑनलाइन कसा शिकवावा

ऑनलाइन उपक्रमात एफवायच्या मुलानं त्याच्याशी जोडी लावलेल्या परदेशातल्या विद्यार्थ्याला निरोप टाकला: ‘गिव्ह मी युवर नोट्स टुमॉरो.’ व्याकरण बरोबर, स्पेलिंग बरोबर, पेपरात लिहिलं असतं तर पूर्ण गुण. तरी वाचणाऱ्याच्या कपाळावर आठी.

मुलगा उद्धट नाही. मराठीत सभ्यपणा क्रियापदाच्या पोटात असतो: दे, द्या, देशील का, देता का, द्याल का. वर ‘जरा’, ‘तेवढं’, ‘ना’ यांची पेरणी. ‘जरा तेवढ्या नोट्स द्या ना’ या वाक्यात ‘कृपया’ कुठंच नाही आणि ते कुणाला खटकतही नाही. इंग्रजीतल्या ‘गिव्ह’ला मात्र ना ‘दे’ ठाऊक ना ‘द्या’. मुलानं शब्द नेले, सभ्यपणा मागं राहिला. ‘प्लीज लाव’ म्हणून सांगितलं तर तो ‘प्लीज गिव्ह मी युवर नोट्स टुमॉरो’ लिहितो, आणि हुकूम हुकूमच राहतो, फक्त टोपी घातलेला. इंग्रजीत ही मऊपणाची जागा प्रश्नाच्या घडणीत आहे: ‘कुड यू’, ‘वुड इट बी ओके इफ’, ‘आय वॉज वंडरिंग इफ’.

या एका निरोपात पहिल्या आठवड्याचा सगळा पाठ आहे. आंतरसांस्कृतिक संवादाचा, म्हणजे वेगळ्या संस्कृतीतल्या माणसाशी बोलण्याचा, अभ्यासक्रम इथून सुरू करायचा, कारण ज्याला स्वतःच्या भाषेत सभ्यपणा कुठं राहतो हे दिसत नाही, त्याला समोरच्याच्या भाषेतला कुठून दिसणार?

काय शिकवायचं नाही

पहिला मोह असतो देशांची यादी करण्याचा. जपानी माणसं वाकून नमस्कार करतात, जर्मन वेळेवर येतात, अमेरिकन थेट बोलतात. चाळीस स्लाइड, शेवटी बहुपर्यायी प्रश्न. तयार करायला सोपं, तपासायला त्याहून सोपं, म्हणून सगळीकडे हेच चालतं. यातून विद्यार्थ्याच्या हाती येतात साचे. पुढं वेळेवर न येणारा जर्मन भेटला की त्याच्याजवळ करण्यासारखं काही उरत नाही.

देशादेशांच्या संस्कृती आकड्यांत मोजणारी गिर्ट हॉफस्टेड यांची परिमाणं आणि एडवर्ड हॉल यांची संदर्भ-भरल्या (बरंचसं न बोलता समजून घेण्याच्या) आणि संदर्भ-विरळ (सगळं शब्दांत सांगण्याच्या) संवादाची कल्पना शिकवावी, पण सावधपणे. हॉफस्टेड यांचे मूळ आकडे 1967 ते 1973 या काळातल्या एकाच कंपनीच्या, आयबीएमच्या, वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या सर्वेक्षणातून आले. देशांच्या सरासरीची ती तुलना आहे. समोर बसलेल्या माणसाचा स्वभाव तिच्यातून काढता येत नाही. एवढं सांगून एका व्हिडिओत विषय संपवावा. पूर्ण घटक त्याला देऊ नये.

ध्येयं ठरवायला भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल बायरम यांची 1997 मधली मांडणी वर्गात सर्वांत उपयोगी पडते. ती पाच अंगं मांडते: कुतूहल आणि मोकळेपणा, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या समाजाबद्दलचं ज्ञान, दिसलेल्याचा अर्थ लावून तो आपल्याकडच्या गोष्टीशी जोडण्याचं कौशल्य, न कळलेलं बोलता बोलता शोधून काढण्याचं कौशल्य, आणि आपल्या स्वतःच्या मोजपट्ट्याही तपासून पाहण्याची सवय. यादीवाला अभ्यासक्रम यातलं दुसरं अंग तेवढं हाताळतो, तेही अर्धं. खरा वेळ तिसऱ्या-चौथ्याला द्यावा लागतो, आणि ती कौशल्यं व्हिडिओ पाहून येत नाहीत.

30 तासांची वाटणी

2 क्रेडिटचा विषय म्हणजे 30 तास. ते 8 आठवड्यांत बसवा. दर आठवड्याला प्रत्येकी 6 मिनिटांचे दोन व्हिडिओ, म्हणजे 16 व्हिडिओ आणि सगळे मिळून 96 मिनिटं. वाचन 4 तास. निरीक्षणवही (आजूबाजूचं बोलणं-वागणं टिपायची वही) आणि चर्चामंच 8 तास. आठवड्याला 45 मिनिटांचं एक थेट सत्र, म्हणजे 6 तास. जोडीदार वर्गाशी देवाणघेवाण 6 तास, शेवटचं विश्लेषण 4 तास. व्हिडिओच्या वाट्याला जेमतेम दीड तास आला, आणि तेवढाच यावा. बहुतेक ऑनलाइन अभ्यासक्रमांत हे प्रमाण नेमकं उलटं असतं.

6 मिनिटंच का? एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या सुमारे 69 लाख व्हिडिओ-सत्रांचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी मध्यममानानं जास्तीत जास्त 6 मिनिटंच त्यात गुंततात, असं त्यात दिसलं. शिवाय आपल्याकडे मुलं व्हिडिओ पाहतात मोबाइलवर, बऱ्याचदा एसटीत. 360पी दर्जाला 6 मिनिटांचा व्हिडिओ साधारण 15 ते 25 एमबीत बसतो. सोबत संहितेची 1 एमबीच्या आतली पीडीएफ द्या. रेंज गेली तरी काम अडत नाही, आणि उजळणीला मुलं तीच उघडतात.

स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावर इंग्रजी संवादकौशल्याचे अभ्यासक्रम आहेत. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार एका सत्रातल्या एकूण अभ्यासक्रमांपैकी 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून घेता येतात. पण तिथला व्हिडिओ म्हणजे तुमचा अभ्यासक्रम नव्हे. हजारो विद्यार्थ्यांसाठी केलेल्या अभ्यासक्रमातल्या चर्चेत तुमच्या वर्गातल्या नंदुरबारच्या मुलीचं म्हणणं कुणी उचलून धरणार नाही. तिथून व्याख्यानं घ्या, बोलणं आपल्या मंचावर ठेवा.

पहिले तीन आठवडे घरातच

परदेशी जोडीदार लगेच समोर आणू नका. तीन आठवडे मुलांनी आपलंच बोलणं परकं माणूस ऐकतो तसं ऐकायचं.

पहिल्या आठवड्यात विनंती. एकच प्रसंग द्या: तुम्हाला एखाद्याचं पुस्तक दोन दिवसांसाठी हवं आहे. मित्राकडून, न ओळखणाऱ्या ग्रंथपालाकडून आणि शेजारच्या काकूंकडून ते कसं मागाल? आधी घरच्या भाषेत लिहायचं, मग इंग्रजीत. ही पद्धत नवी नाही. शोशाना ब्लुम-कुल्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात विनंत्या आणि दिलगिरीची अनेक भाषांत तुलना केली ती अशाच अर्धवट प्रसंगांतून. वर्गात याचा फायदा असा की मराठीतली तिन्ही वाक्यं वेगळी निघतात आणि इंग्रजीतली तिन्ही जवळपास सारखी. दोन रकाने शेजारी ठेवले की गळती कुठं झाली ते मुलांना न सांगता दिसतं. ही उत्तरं जपून ठेवा. आठव्या आठवड्यात लागतील.

दुसऱ्या आठवड्यात नकार. मराठीत ‘नाही’ न म्हणता नाही म्हणायचे किती प्रकार आहेत हे मुलांना मोजायला लावा: ‘बघतो’, ‘पाहू या’, ‘सांगतो तुला’, ‘आता बघ ना, घरी पाहुणे आहेत’, ‘जमलं तर येतोच’. ‘बघतो’चं ‘आय विल ट्राय’ झालं की ऐकणारा वाट बघत बसतो, कारण त्यानं ते होकार म्हणून घेतलेलं असतं. मग एकाला दुसरा खोटारडा वाटतो, दुसऱ्याला पहिला मठ्ठ. याच आठवड्यात ‘येतो’ही घ्या. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो, ‘जातो’ म्हणायला जीभ वळत नाही. कॉल संपवताना मुलगी ‘ओके, आय ॲम कमिंग’ म्हणते आणि पडद्यापलीकडचा विचारतो, कुठं येतेस?

तिसरा आठवडा पाहण्याचा. यासाठी वर्णन, अर्थ, मत हा तीन पायऱ्यांचा जुना सराव आहे. एक फोटो द्या: दोन हातांत धरलेलं रंगीत पाकीट, त्यावर चिकटवलेलं एक रुपयाचं नाणं. पहिल्या पायरीवर फक्त जे दिसतं ते लिहायचं. इथंच गाडी अडते. मुलं लिहितात, ‘लग्नात आहेर देत आहेत.’ लग्न दिसतंय का? आहेर दिसतोय का? दिसतात दोन हात, एक पाकीट, एक नाणं. पहिल्या खेपेला वर्गातल्या बहुतेकांची पहिली पायरी चुकते आणि ती चुकायलाच हवी. दुरुस्त करून पुन्हा लिहायला लावा. दुसऱ्या पायरीवर किमान दोन अर्थ मागा, एक नव्हे. तिसऱ्या पायरीवर मत. आणि मग विचारा, 100 ऐवजी 101 का? अर्धी मुलं गप्प होतात. कुणीतरी घरी विचारून येतं: आकडा शून्यावर संपू नये, पुढं चालू राहावा. स्वतःच्या घरातली गोष्ट स्वतःला समजावता आली नाही हा अनुभव या आठवड्याचं खरं फळ. ज्याला तो आला, तो पुढं जोडीदाराला ‘तुमच्याकडे असं का?’ विचारताना उत्तर न मिळाल्यास चिडत नाही.

चर्चामंच मरतो कशानं

‘डिस्कस द इम्पॉर्टन्स ऑफ कल्चर इन कम्युनिकेशन’ असा प्रश्न टाकला की साठ नोंदी येतात, साठही सारख्या, आणि प्रत्येकीखाली ‘नाइस पॉइंट’. दोष मुलांचा नाही. ज्या प्रश्नाला सगळ्यांचं एकच उत्तर आहे त्यावर चर्चा कशाची करणार?

प्रश्न असा हवा की उत्तर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तीन दिवसांतूनच येईल. उदाहरणार्थ: ‘सोमवार ते बुधवार तुम्हाला कुणीतरी कशाला तरी नाही म्हटलं, पण नाही हा शब्द वापरला नाही, अशी तीन वाक्यं टिपा. ज्या भाषेत बोलली गेली त्याच भाषेत लिहा. बोलणाऱ्याचं तुमच्याशी नातं लिहा, नाव नको. खाली इंग्रजीत सांगा, नकार आहे हे तुम्हाला कशावरून कळलं.’ शब्दमर्यादा 80 ते 120. अहिराणी, मालवणी, गोंडी, दखनी, जी घरची भाषा असेल ती चालेल. एका वर्गात चार-पाच घरभाषा निघाल्या की आंतरसांस्कृतिक संवाद परदेशाची वाट न पाहता तिथंच सुरू होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेण्यावरही सर्वांत साधा उतारा हाच. यंत्र ‘संस्कृतीचं महत्त्व’ झकास लिहून देतं, पण मंगळवारी डेपोत कंडक्टर काय म्हणाला ते त्याला माहीत नसतं. रचून देता येईल हे खरं. म्हणून दर आठवड्याला गटातल्या एकाला थेट सत्रात त्याच्याच नोंदीवर दोन प्रश्न विचारावेत. रचलेला कंडक्टर दुसऱ्या प्रश्नाला कोसळतो.

मांडणीच्या काही गोष्टी. मूडल ही ऑनलाइन वर्गाची प्रणाली वापरत असाल तर मंचाचा ‘क्यू अँड ए’ हा प्रकार निवडा. त्यात स्वतःची नोंद टाकल्याशिवाय दुसऱ्याची दिसत नाही. टाकल्यावरही संपादनाची मुदत, जी मुळात 30 मिनिटं ठेवलेली असते, ती संपल्यावरच इतरांच्या नोंदी उघडतात. मुलं ‘सर, दिसत नाही’ म्हणून फोन करतील. सूचनेत हे आधीच लिहा. गूगल क्लासरूममध्ये ‘क्वेश्चन’ हा पर्याय घेऊन विद्यार्थ्यांना एकमेकांना उत्तर द्यायची मुभा चालू केली की साधारण तेच साधतं.

मुदती दोन हव्यात. स्वतःची नोंद गुरुवारी रात्रीपर्यंत, प्रतिसाद रविवारपर्यंत. एकच मुदत दिली तर सगळे रविवारी रात्री साडेअकराला येतात आणि प्रतिसाद द्यायला कुणी उरत नाही. प्रतिसादात एक प्रश्न आणि एक स्वतःचं उदाहरण असलंच पाहिजे. कौतुकाला गुण नाहीत. साठांचा वर्ग पाच-पाचांच्या बारा गटांत विभागा. बाराही गट दर आठवड्याला बारकाईनं वाचणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही, तसा प्रयत्न केला तर तिसऱ्या आठवड्याला तुम्हीच मंच सोडाल. आठवड्याला तीन गट खोलवर वाचा, बाकीच्यांवर नजर फिरवा. आठ आठवड्यांत प्रत्येक गट दोनदा नीट वाचला जातो. पाळी कुणाची आहे हे मात्र मुलांना सांगू नका.

थेट सत्रात हुंकार कुठं जातो

गोष्ट सांगणाऱ्याला मराठीत हुंकार लागतो. ‘हं’, ‘बरं’, ‘मग?’ हे येत राहिलं की बोलणारा पुढं जातो. थांबलं की तो विचारतो, ‘ऐकतोयस ना?’ जपानीत या हुंकाराला ‘आइझुची’ असं नावच आहे. व्हिडिओ कॉलवर सगळे म्यूटवर, आणि ज्यांचा माइक चालू आहे त्यांचा हळू ‘हं’ आवाज गाळणारी यंत्रणा गिळून टाकते. परिणाम असा की बोलणाऱ्या मुलाला वाटतं आपलं बोलणं कुणाच्या खिजगणतीत नाही, आणि तो दोन वाक्यांत आटोपतो. आपण त्याला ‘मुलं ऑनलाइन बोलतच नाहीत’ म्हणतो.

उपाय सोपा आहे. चारपाच जणांच्या छोट्या खोलीत माइक चालूच ठेवायचे. मोठ्या सत्रात एकाला हुंकार-जबाबदार नेमायचं: त्याचा माइक चालू, आणि दर दोन-तीन वाक्यांनी ‘राइट’, ‘ओके’, ‘अँड देन?’ म्हणायचं त्यानं. मुलं आधी हसतात, पण बोलणं लांबतं. झूमच्या मोफत खात्यावर सत्र 40 मिनिटांना तुटतं, म्हणून 45 मिनिटांच्या तासाचा शेवटचा भाग मंचावर लेखी घ्या किंवा कॉलेजचं खातं वापरा.

याच सत्रांत दुरुस्तीची वाक्यं तोंडात बसवायची. समोरचा काय म्हणाला ते कळलं नाही तर आपली मुलं मान डोलावून ‘यस यस’ म्हणतात. सगळ्या गोंधळाचं बीज इथं. पाच-सहा वाक्यं पुरतात: ‘सॉरी, आय डिडन्ट कॅच द लास्ट पार्ट’, ‘व्हेन यू से सून, डू यू मीन धिस वीक?’, ‘लेट मी से इट अनदर वे’, ‘इज इट ओके टू आस्क अबाउट धिस?’, ‘इन माय लँग्वेज दॅट साउंड्स लाइक अ प्रॉमिस, इज इट?’ प्रत्येक सत्रात मुद्दाम एक संदिग्ध वाक्य पेरा. ते पकडून जो विचारेल त्याला गुण.

‘आय हॅव अ डाउट’, ‘ही पास्ड आउट इन 2022’, ‘आऊट ऑफ स्टेशन’ ही भारतीय इंग्रजी चूक म्हणून खोडू नका. भारतात ती चालते आणि कळते. फक्त बाहेरच्या माणसाला ‘पास्ड आउट’ म्हणजे बेशुद्ध पडला असं ऐकू येतं, एवढं माहीत असावं. कुणासमोर काय वापरायचं ते मुलानं ठरवायचं.

जोडीदार वर्ग

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात 1997 मध्ये ‘कुलतुरा’ नावाचा उपक्रम सुरू झाला. अमेरिकन आणि फ्रेंच विद्यार्थ्यांनी एकाच शब्दावर सुचणारे शब्द लिहायचे, अपुरी वाक्यं पुरी करायची, प्रसंगांवर प्रतिक्रिया द्यायच्या. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवून एकमेकांना विचारायचं. ही पद्धत आपल्या वर्गाला उत्तम लागू पडते, कारण इंग्रजी कच्चं असलं तरी एकेक शब्द प्रत्येकाला लिहिता येतो. ‘पाहुणा’, ‘शिक्षक’, ‘शेजारी’, ‘वेळेवर’, ‘एकटा राहणारा माणूस’ हे शब्द चांगले चालतात. ‘स्वातंत्र्य’, ‘प्रेम’ असले मोठे शब्द टाळा, सगळीकडे सारखीच पोस्टरं निघतात. मुलांनी आधी मराठीत लिहावं, मग इंग्रजीत. ‘पाहुणा’ला मराठीत चहा, पोहे, धुतलेली चादर येते आणि थेट इंग्रजीत ‘रिस्पेक्ट’.

जोडीदार कुठला घ्यावा? अमेरिकेचा हट्ट नको. मॉरिशसचा विचार करा. कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज तिथं आजही स्वतःला मराठी म्हणवतात, मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवली जाते, रोजच्या बोलण्यात क्रिओल आणि फ्रेंच, कारभारात इंग्रजी. ‘मराठी’ म्हणजे काय याबद्दल दोन्हीकडची मुलं एकमेकांना चकवतात. शिवाय घड्याळाचा फरक फक्त दीड तास. आणि तेही नाही जमलं तर केरळ, नागालँड किंवा आसाममधलं कॉलेज घ्या. तिथल्या मुलाशी बोलायला आपल्या मुलाला इंग्रजीशिवाय खरंच दुसरी वाट नसते. ती गरज परदेशी जोडीदाराइतकीच अस्सल आहे, आणि घड्याळही एकच.

परदेशी जोडीदार असेल तर वेळापत्रक आधी, बाकी सगळं नंतर. जपान आपल्यापुढं साडेतीन तास: आपले दुपारचे 2 म्हणजे तिथं संध्याकाळचे साडेपाच. पोलंड हिवाळ्यात साडेचार तास मागं, उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपची घड्याळं एक तास पुढं जातात, म्हणजे तिकडच्या सकाळी साडेदहाला असणारं सत्र आपल्याकडे 3 ऐवजी 2 वाजता येतं. अमेरिकेत तोच बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी. हे न लिहिल्यामुळं अर्धा वर्ग रिकाम्या खोलीत बसतो. प्रत्येक सूचनेत दोन्ही ठिकाणच्या वेळा शेजारी लिहा.

शैक्षणिक सत्रंही जुळत नाहीत. जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, ऑगस्ट-सप्टेंबर सुट्टी. पोलंडमध्ये 1 ऑक्टोबरला सुरुवात. आपल्याकडे एफवायचे प्रवेशच लांबतात आणि मध्ये दिवाळी. दोन्हीकडे वर्ग भरलेले असतात अशी सलग चार आठवड्यांची फट शोधायची, आणि सापडली की त्याहून लांब उपक्रम करायचा नाही. समोरच्या शिक्षकाशी किमान तीन महिने आधी एक पानाचा करार करा: तारखा, प्रत्येक बाजूचे विद्यार्थी, मंच कुणाचा, गुण कोण देणार, एखादा मधेच गळाला तर काय. शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं. त्यांच्याकडे हा उपक्रम ऐच्छिक आणि तुमच्याकडे गुणांचा असेल, तर दुसऱ्या आठवड्यात तुमची मुलं एकतर्फी निरोप पाठवत बसतात.

गट तीन अधिक तीनचे करा. एकास एक जोडी कागदावर सुंदर दिसते, पण एकजण आजारी पडला की दुसऱ्याचं काम बुडतं. तिकडे वीस आणि इकडे साठ असतील तर साठही मुलं एकेकटी त्यांच्यावर सोडू नका. आपल्या तिघांनी मिळून एक आवाज म्हणून लिहावं.

देवाणघेवाणीचा पहिला आठवडा ओळखीचा: एक मिनिटाची ध्वनिफीत आणि टेबलावरच्या एका वस्तूचा फोटो. दुसरा शब्दयाद्यांचा. तिसरा प्रश्नांचा, इथं सर्वांत जास्त वेळ द्या. चौथ्यात दोघांनी मिळून एक पान लिहायचं: आपल्या याद्यांत जी गोष्ट आम्हाला आधी चुकीची कळली ती कोणती, आणि ती कशी उलगडली.

अवघड प्रश्न येतातच

देवाणघेवाणीच्या तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी जातीबद्दल विचारतं, कुणीतरी ठरवून केलेल्या लग्नाबद्दल. आपली मुलं लगेच देशाचे राजदूत होतात: ‘इन इंडिया वी रिस्पेक्ट ऑल’, ‘गेस्ट इज गॉड’. समोरचाही तसाच होतो आणि दोन पर्यटन-पत्रकं एकमेकांशी बोलू लागतात. यावर एकच नियम लागू करा: ‘इन इंडिया’ने वाक्य सुरू करायचं नाही. ‘आमच्या घरी’, ‘माझ्या तालुक्यात’, ‘माझी आजी असं मानते, मी नाही’ असं बोलायचं. नियम दोन्ही बाजूंना. वाक्य खरं होतं आणि इंग्रजीही सोपं होतं. पण कुठल्याही प्रश्नाला ‘मला यावर बोलायचं नाही’ म्हणायचा हक्क प्रत्येकाला द्या आणि त्यासाठी गुण कापू नका. जातीचा प्रश्न वर्गातल्या सगळ्यांना सारख्या वजनाचा नसतो.

व्हॉट्सॲप गट सोयीचा वाटतो, तरी नको. मुलींचे नंबर अनोळखी हातांत जातात आणि उपक्रम संपल्यावरचे निरोप तुम्हाला दिसत नाहीत. सगळं बोलणं मंचावरच. सत्र ध्वनिमुद्रित करायचं असेल तर दोन्ही वर्गांची लेखी संमती घ्या. एफवायला काही मुलं 17 वर्षांची असतात, आणि वैयक्तिक डेटा संरक्षणाचा 2023 चा कायदा 18 खालच्यांना बालक धरून पालकांची संमती मागतो. प्रवेशाच्या वेळीच अर्ज भरून घेतला की ऐनवेळी धावपळ होत नाही.

गुण कशाला

50 गुणांची वाटणी अशी जमते: निरीक्षणवही 15, मंचावरच्या नोंदी आणि प्रतिसाद 10, जोडीदारासोबतचं पान 10, तोंडी दुरुस्ती 5, शेवटचं विश्लेषण 10. व्याकरणाला प्रत्येक लेखी कामात एक पंचमांशापेक्षा जास्त नको, नाहीतर मुलं चुका टाळायला लहान आणि निर्जीव वाक्यं लिहितात.

वृत्तीला गुण देऊ नका. ‘आता मी सर्व संस्कृतींचा आदर करतो’ या वाक्याला गुण आहेत हे कळलं की शंभर टक्के मुलं ते लिहितात. गुण द्यायचे ते दाखवलेल्या कामाला: वर्णन आणि मत वेगळं ठेवलं का, एका गोष्टीचे दोन अर्थ मांडले का, जोडीदाराला विचारून त्यातला एक बाद केला का, आणि स्वतःच्या बाजूचीही एखादी सवय उलगडली का. चारही असतील तर पूर्ण, दोन असतील तर निम्मे. फक्त ‘त्यांच्याकडे असं, आमच्याकडे तसं’ अशी जोडयादी असेल तर दोन गुणांच्या वर जाऊ नका, इंग्रजी कितीही गुळगुळीत असो.

आठव्या आठवड्यात पहिल्या आठवड्याचाच प्रसंग पुन्हा द्या: दोन दिवसांसाठी पुस्तक, तेच तीन लोक. जुनी उत्तरं शेजारी छापून विद्यार्थ्याच्या हाती द्या आणि काय बदललं ते त्यालाच लिहू द्या. मित्राला लिहिलेलं ‘गिव्ह मी द बुक, यार’ काहीजण जसंच्या तसं ठेवतील. कारण विचारा. ‘तो मित्र आहे, त्याला कुड यू म्हटलं तर तो विचारेल काय झालं’ असं उत्तर आलं तर पूर्ण गुण द्या.